चिंच लावायची नाही : रोमन नाणी साफ कशी करतात आणि कुठे थांबतात

रत्नागिरीला आमच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायचं काम माझ्याकडे असायचं. पळी-पंचपात्र, ताम्हन, समई. चिंच भिजत घालायची, चिमूटभर मीठ टाकायचं आणि चोळायचं. काळवंडलेलं तांबं बघता बघता लालबुंद व्हायचं. स्वच्छ म्हणजे लख्ख, हे असं हातात मुरलेलं. नोकरीनिमित्त इंग्लंडला आल्यावर एका रविवारी नाण्यांच्या बाजारात गेले आणि मातीने माखलेलं एक रोमन नाणं विकत घेतलं. घरी येऊन मी तेच केलं. चिंच नव्हती, म्हणून वाटीत लिंबू पिळलं आणि नाणं रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी वाटीतून निघाली ती गुलाबी, खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांची चकती. चेहरा नाही, अक्षर नाही. कोणाचं नाणं होतं, हे आता कधीच कळणार नाही.

त्या नाण्याचं दुःख मला अजून आहे. ते का गेलं, हे शोधताना जे शिकले ते इथे सांगते. ते एक कारण नीट समजलं की नाणी साफ करण्याचे बाकी सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चित्र असतं कुठे?

बाजारात न साफ केलेली म्हणून जी रोमन नाणी मिळतात, ती बहुतेक तांब्याची असतात, त्यात थोडं कथील आणि शिसं मिसळलेलं. असं नाणं मातीत पडलं की ओल, हवा आणि जमिनीतले क्षार त्याच्यावर काम करू लागतात. धातूला लागून आधी तांबूस-तपकिरी रंगाचा एक थर तयार होतो. हे तांब्याचं ऑक्साइड. त्याचं नाव क्युप्राइट. त्यावर हिरवा थर चढतो, मॅलाकाइटचा. कधी कधी निळाही. त्याच्याही वर माती, वाळू, चुना असं सगळं घट्ट बसून कवच होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. हे थर नाण्यावर बाहेरून लेपलेले नसतात. नाण्याच्याच तांब्याचे ते झालेले असतात. टांकसाळीत ठसा मारला तेव्हा नाण्याचा जो पृष्ठभाग होता, तो आता या तपकिरी-हिरव्या थरात उरलेला असतो. राजाचं नाक, दाढीची रेघ, अक्षरांच्या कडा, सगळं तिथे. त्याखालचा धातू वेडावाकडा खाल्ला गेलेला असतो.

आपल्याकडे शेंदूर लेपलेले देव असतात. वर्षानुवर्षांचं शेंदराचं कवच निघालं की आतून मूळ मूर्ती प्रकट होते, डोळे दिसतात, दागिने दिसतात. नाण्याचंही तसंच असेल असं मी धरून चालले होते. पण इथे मूर्ती कवचाच्या आतल्या अस्तरातच असते. बाहेरची माती काढायची, पण ते अस्तर राखायचं. लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक आम्ल, व्हिनेगर, यांपैकी कोणालाच हा फरक कळत नाही. ती तांब्याची ऑक्साइडं आणि कार्बोनेटं सरसकट विरघळवतात. पंचपात्रावर आपल्याला तेच हवं असतं, कारण त्याचा आकार जाड धातूत आहे. नाण्याचं चित्र त्या पातळ थरात असतं आणि थराबरोबर तेही वाहून जातं.

या राखलेल्या थराला संग्राहक पॅटिना म्हणतात. गडद हिरवा किंवा काळसर तपकिरी, गुळगुळीत पॅटिना असलेलं नाणं हातात घेऊन पाहिलं की लख्ख तांब्याची हौस आपोआप मागे पडते.

पाणी, काडी आणि सवड

पहिलं औषध म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे गाडीच्या बॅटरीत किंवा इस्त्रीत घालतात ते क्षारविरहित पाणी. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोरिन आणि क्षार असतात आणि क्लोराइड हा या धातूचा मोठा शत्रू आहे. त्याबद्दल पुढे येतंच. नाणी काचेच्या बरणीत या पाण्यात बुडवून ठेवायची. पाणी गढूळ झालं की बदलायचं. आठवडे जातात, कधी कधी महिनेही. मऊ दातघासणीने हलकेच घासायचं, परत पाण्यात टाकायचं. निम्मी माती एवढ्यानेच सुटते.

उरलेल्या मातीला बांबूची टोकदार काडी. दात कोरायच्या काड्या उत्तम, कारण त्या पॅटिनापेक्षा मऊ असतात. जोर जास्त पडला तर काडी मोडते, नाणं ओरखडत नाही. टाचणी, सुई, ब्लेड ही हत्यारं संग्रहालयातले तज्ज्ञ वापरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने. घरी निदान दहापट मोठं दिसेल असं भिंग आणि बाजूने पडणारा उजेड असल्याशिवाय धातूचं हत्यार हातात घेऊ नये. मी पहिली दोन वर्षं घेतलं नाही.

ऑलिव्ह तेलाचा उपाय बऱ्याच जणांच्या तोंडी असतो. नाणी महिनोन्‌महिने तेलात ठेवतात. तेलाने माती सैल होते हे खरं, पण तेलातली आम्लं हळूहळू तांबंही खातात. तेल हिरवं होतं, ते त्या तांब्यानेच. शिवाय मुरलेलं तेल नंतर निघता निघत नाही. मी तेल वापरत नाही. विजेचा प्रवाह सोडून कवच उडवण्याची पद्धत तर लिंबाच्याच जातीची. कवचाबरोबर पॅटिनाही जातो आणि हाती येतं ते सोललेलं नाणं.

चांदीच्या नाण्यांचं रसायन वेगळं आहे आणि त्यांची किंमतही वेगळी. ती तज्ज्ञाकडे द्यावीत, एवढंच म्हणते.

एक प्रकार मात्र सांगायलाच हवा, कारण तो मराठी माणसाला लगेच समजेल. इ. स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने अँटोनिनियानस नावाचं नवं नाणं काढलं. सुरुवातीला त्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. पुढे युद्धं वाढली, खजिना आटला आणि सम्राट गॅलिएनसच्या काळापर्यंत, म्हणजे साधारण ५० वर्षांत, चांदीचं प्रमाण शंभरात पाच भागांच्याही खाली गेलं. मग नाणं चांदीसारखं दिसावं कसं? तांब्याच्या नाण्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा. आपल्या पितळी पातेल्याच्या कल्हईसारखाच. मातीखाली कुठे कुठे हा मुलामा अजून शिल्लक असतो आणि काडीच्या टोकाखाली मोहरीएवढा चकाकणारा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याशी हात थांबला पाहिजे. सतराशे वर्षं टिकलेली कल्हई एका जोरकस घासण्याने जाते.

एक नाणं, साडेतीन महिने

दुसऱ्या खेपेला घेतलेल्या नाण्यांपैकी एकाबद्दल सांगते. शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, १८ मिलिमीटर, आणि वजन अडीच ग्रॅमच्या आत. वर करड्या मातीचा असा थर की कोणती बाजू चेहऱ्याची हेही कळेना.

तीन आठवडे पाण्यात ठेवल्यावर एका कडेला माती सुटली आणि दोन उभ्या रेघा दिसल्या. भाले. मग काडीने रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण थकलेला हात घाई करतो. हळूहळू दोन शिपाई उभे राहिले, शिरस्त्राण घातलेले, एकमेकांकडे तोंड करून. त्यांच्यामध्ये सैन्याची निशाणं. कडेने अक्षरं : ग्लोरिया एक्सर्किटुस, म्हणजे 'सेनेचा गौरव'. हा छाप मी ओळखला, कारण चौथ्या शतकातल्या मिळणाऱ्या नाण्यांत तो फार मोठ्या संख्येने असतो.

मग निशाणं मोजली. दोन होती. शिपायांच्या मधल्या निशाणांच्या संख्येवरून नाण्याचा काळ ठरतो. दोन निशाणं असतील तर नाणं साधारण इ. स. ३३० ते ३३५ मधलं. पुढे नाण्याचं वजन कमी केलं, चकती लहान झाली आणि निशाण एकच उरलं. म्हणजे मातीतून दुसरा दांडा दिसला त्या क्षणी माझं नाणं पाच-सहा वर्षांच्या अवधीत येऊन बसलं. सतराशे वर्षांच्या मागे पाच वर्षांचा नेम! त्या संध्याकाळी मी ताईला फोन करून सांगितलं, तिला नाण्यांत काही रस नाही, पण तिनेही दोनदा विचारलं, "दोनच ना नक्की?"

शिपायांच्या पायाखाली आडवी रेघ असते आणि तिच्या खाली टांकसाळीची खूण. माझ्या नाण्यावर तिथे आधी ग्रीक गॅमा आणि मग एस, आय, एस अशी अक्षरं निघाली. एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक गाव. आणि ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत, त्यांत गॅमा म्हणजे तीन. सिस्कियाच्या टांकसाळीतल्या तिसऱ्या विभागात हे नाणं पाडलं गेलं होतं. खोटं किंवा हलकं नाणं सापडलं तर जबाबदार कोण हे कळावं, असा या खुणेचा उपयोग. ट्रिअर, अँटिऑक, अलेक्झांड्रिया, थेसालोनिका, अशा प्रत्येक टांकसाळीची खूण वेगळी, आणि दहा-बारा खुणा डोळ्यांत बसल्या की पुसट नाणंही वाचता येतं.

चेहऱ्याची बाजू शेवटी घेतली. तिथे नाव अर्धवट निघालं, पण पुरेसं : कॉन्स्टॅन्शियस, आणि पुढे 'नोब सी'. 'नोबिलिस्सिमुस सीझर' याचा तो संक्षेप. शब्दशः 'परम कुलीन सीझर', पण अर्थ आपल्या युवराजासारखा. कॉन्स्टंटाइन सम्राटाचा हा मुलगा इ. स. ३१७ मध्ये जन्मला होता. म्हणजे हे नाणं पडलं तेव्हा तो तेरा ते अठरा वर्षांचा. भिंगातून गाल पाहिला तर खरोखर गोल आणि पोरसवदा आहे. पुढे तो सम्राट झाला आणि इ. स. ३६१ पर्यंत राज्य केलं.

कानामागे आणि मानेवर अजून कठीण कवच आहे. ते काढायला गेले तेव्हा एका जागी पॅटिनाचा टवका हलल्यासारखा वाटला. तिथेच थांबले. ते तसंच राहणार आहे.

नवशिक्याला मिळणारी नाणी साधारण याच घराण्यातली. लांडगीचं दूध पिणारी जुळी मुलं, म्हणजे रोम्युलस आणि रीमस. गलबताच्या नाळेवर उभी असलेली विजयदेवता. घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणारा शिपाई. रोजच्या व्यवहारातले हे सुटे पैसे. अफाट संख्येने पाडले, म्हणून अफाट संख्येने सापडतात. एक सावधगिरी मात्र हवी. विक्रेत्याने मूठभर नाणी समोर टाकली तरी त्यातली चांगली आधीच वेचलेली असतात हे धरून चालावं. आणि एखादं नाणं फारच सुबक दिसत असेल तर त्याची कड पाहावी. खरं नाणं दोन ठशांमध्ये चकती धरून हातोड्याने पाडलेलं असतं. कडेवरून साच्याची शिवण फिरलेली दिसली किंवा अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले, तर ते ओतलेलं नकली नाणं.

पावसाळ्यातला रोग

साफ केलेल्या नाण्यावर काही महिन्यांनी फिकट हिरव्या पिठासारखे ठिपके येऊ लागले आणि बोटाने पुसले की परत आले, तर तो ब्रॉन्झ डिसीज. नावात रोग असला तरी जंतूचा काही संबंध नाही. हे शुद्ध रसायन आहे. मातीतलं क्लोराइड धातूत शिरून तांब्याचं क्लोराइड झालेलं असतं आणि ते गुपचूप आत बसलेलं असतं. त्याला ओलावा आणि हवा मिळाली की त्याची हिरवी भुकटी होते आणि त्या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्याचं पुन्हा क्लोराइड होतं आणि चक्र चालू राहतं. बघता बघता नाण्याला भोक पडतं.

सुदृढ पॅटिना कठीण आणि गुळगुळीत असतो. रोगाची भुकटी काडीने टोकरली की सुटते. फरक ओळखायला ही खूण पुरते.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या वर गेली की हा रोग डोकं वर काढायच्या बेतात असतो. आता कोकणातला किंवा मुंबईतला जुलै आठवा. आठ-आठ दिवस आर्द्रता ८०-९० टक्के, कपाटातल्या चपलांना बुरशी. पुण्या-मुंबईत जुनी तांब्याची नाणी जमवणारे पुष्कळ आहेत, सातवाहनांची, शिवराई. त्यांनाही हे तितकंच लागू आहे. उपाय अवघड नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात पुड्या दर काही आठवड्यांनी तापवून सुकवायच्या. रोग लागलेलं नाणं ताबडतोब बाजूला काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचं, वरचेवर पाणी बदलायचं, म्हणजे क्लोराइड उतरत जातं; मग पूर्ण सुकवायचं. याहून पुढची रसायनं संवर्धकाच्या हातची आहेत. त्यातलं बेन्झोट्रायझोल विषारी आहे, ते घरात आणू नये.

सुकलेल्या निरोगी नाण्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवला की हवेपासून आडोसा मिळतो. आणि कृपा करून नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. आपल्याकडचे बरेच स्वस्त अल्बम त्याच प्लास्टिकचे असतात. काही वर्षांनी ते प्लास्टिक आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकीट किंवा मायलरचं, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट घ्यावं.

नाणं कुठून आलं?

इथवर जे लिहिलं ते नाण्याच्या पृष्ठभागाबद्दल होतं. त्याहून मोठी गोष्ट पृष्ठभागावर नसतेच. नाणं कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी सापडलं, ही माहिती साफ करून मिळत नाही आणि एकदा गेली की परत येत नाही.

एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प या छंदिष्टाला धातुशोधक यंत्राने एक मातीचं मडकं सापडलं. नाणी दिसू लागताच त्याने खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. तज्ज्ञांनी ती एकदम न उपसता थराथराने काढली, म्हणूनच एक विलक्षण गोष्ट कळली. सगळ्यांत अलीकडची नाणी, ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेल्या कराउसियसची, मोठ्या संख्येने मडक्याच्या तळाच्या बाजूला होती आणि जुनी नाणी त्यांच्या वर. कोणी वर्षानुवर्षं पैसे साठवत गेलं असतं तर उलटं दिसलं असतं. म्हणजे सगळी नाणी एकाच वेळी ओतली गेली होती. एवढं वजन घेऊन ते मडकं उचललंच गेलं नसतं, तेव्हा आधी मडकं पुरलं आणि मग नाणी टाकली. कोणी लपवलेली ठेव होती की देवाला वाहिलेलं दान, असा खरा प्रश्न त्यातून उभा राहिला. क्रिस्पने हौसेने मडकं रिकामं केलं असतं तर हाती फक्त नाणी उरली असती.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे अशी ठेव १४ दिवसांच्या आत कळवावी लागते. भारतात १८७८ पासूनचा कायदा आहे : जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मी इथे घेते तेव्हा विक्रेत्याकडून पावती घेते आणि नाणं कुठल्या संग्रहातून आलं हे लिहून मागते. उत्तर गुळमुळीत आलं तर घेत नाही. अशा वेळी चांगली नाणी हातची गेली आहेत. त्याचं वाईट वाटतं, पण घेत नाही.

हे आपल्यालाही किती लागू आहे ते पाहा. रोमन नाणी भारतात व्यापाराने आली, मुख्यतः दक्षिणेत. ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची चांदीची दिनारियस नाणी तमिळनाडू, आंध्र, केरळात ठेवच्या ठेव सापडली आहेत. आपल्या संस्कृतातला 'दीनार' हा शब्दही या दिनारियसवरूनच आला. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याची ५०१ रोमन नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे, बहुधा चलनातून बाद केल्याची खूण म्हणून. चौथ्या-पाचव्या शतकातली, माझ्या युवराजाच्या जातीची तांब्याची चिल्लर करूर आणि मदुराईच्या परिसरात मिळते. महाराष्ट्रात त्या मानाने रोमन नाणी थोडी. पण तेर गावी, ज्याला ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात तगर म्हटलं आहे, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. गळ्यात घालण्यासाठी असाव्यात. दूरदेशीच्या राजाचा मुखवटा आपल्या कुंभाराने मातीत उठवला आणि तेरच्या कोणीतरी तो हौसेने मिरवला. ही चकती तेरला सापडली हे माहीत नसतं, तर ती मातीची एक टिकली राहिली असती.

माझ्या सिस्कियाच्या नाण्याच्या कागदी पाकिटावर मी वजन, व्यास, टांकसाळ, काळ, घेतल्याची तारीख आणि 'जुना संग्रह, इंग्लंड. विक्रेत्याची पावती जोडली आहे' असं लिहिलंय. मागच्या बाजूला पेन्सिलीने आणखी एक ओळ आहे : 'मानेवरचं कवच काढू नये, खाली पॅटिना सैल आहे.' लिंबात गेलेल्या त्या पहिल्या नाण्याचंही पाकीट शेजारीच आहे, त्यावर फक्त वजन आहे, १.९ ग्रॅम.